गाडा, गाडी आणि चाकाची निवड

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, तरवारी येतात, तहाचे कागद येतात. व्याख्यानाला जमणाऱ्या मंडळींची तीच अपेक्षा असते आणि तीत काही वावगे नाही. परंतु आज आम्ही ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत ती कोणत्याही वस्तुसंग्रहालयाच्या काचेआड मानाने मांडलेली नाही. ती आमच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून पुष्कळ वर्षे उभी होती. ती वस्तू म्हणजे गाडीचे चाक.

हा विषय आम्हांला सुचला तो एका योगायोगामुळे. आमचे गाव कवठे येमाई, तालुका शिरूर. बाहेरगावी ते ओळखले जाते येमाईच्या देवळामुळे, आणि तमाशाचे शौकीन असतील तर मोमीन कवठेकरांच्या वगांमुळे व लावण्यांमुळे. गेल्या वर्षी यात्रेच्या आधी एका सकाळी आमच्या ओट्यावर दोन माणसे एकाच कामासाठी येऊन बसली. एक होते शेजारचे गाडामालक. त्यांना शर्यतीच्या गाड्यासाठी नवी चाके करून घ्यायची होती. दुसरा आमचा पुतण्या. त्याने एक जुनी, लहान, पण पळायला चपळ अशी मोटार घेतलेली, आणि तिच्या मूळच्या पोलादी चाकांच्या जागी त्याला मिश्रधातूची चकचकीत चाके बसवायची होती. दोघांनीही आम्हांला एकच प्रश्न केला, "चाक घेताना पाहायचं काय, तात्या?" आम्ही शाळेत इतिहास शिकवीत आयुष्य घालवले, चाकातले आम्हांला काय कळणार? पण प्रश्न मनात घर करून राहिला. शोधू लागलो तेव्हा दिसले की हाच प्रश्न या घोड नदीच्या खोऱ्यात फार जुन्या काळापासून माणसे विचारीत आली आहेत.

किती जुन्या काळापासून? आमच्याच तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठी, इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावे त्या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांची घरे, त्यांची रांजणात पुरलेली मुले, त्यांचे जव आणि कडधान्ये हे सर्व मातीखालून वर आले. त्यांतच एका मोठ्या रांजणावर कोणीतरी रेघोट्यांनी बैलगाडी काढलेली सापडली. लांब दांडी, तिला जुंपलेले बैल. चित्र ओबडधोबड आहे. काढणारा कलावंत नव्हता, शेतकरीच असावा. पण ज्याच्या दारात गाडी आहे किंवा शेजाऱ्याच्या दारातली गाडी ज्याला हवीशी वाटते, तोच असे चित्र काढील, असे आम्हांला वाटते.

त्याहून देखणा पुरावा प्रवरेच्या काठी दायमाबादला मिळाला. १९७४ मध्ये तेथे जमिनीत चार भरीव ब्राँझच्या वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि एक रथ. चौघांचे वजन मिळून साठ किलोच्या वर. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही, तो वाद आम्ही येथे उकरीत नाही. रथाला दोन बैल आहेत, आणि रथावर एक माणूस उभा आहे. बसलेला नाही, उभा आहे. हे ध्यानात घ्यावे. ओझे वाहणारा माणूस गाडीवर असा उभा राहात नाही. त्या रथाची चाके मात्र भरीव आहेत, त्यांना आरे नाहीत. वेगाची हौस आधी आली, आणि त्या हौसेला साजेल असे हलके चाक मागाहून आले, असा अर्थ त्या मूर्तीवरून काढायला आम्हांला मोह होतो. पण एका मूर्तीवरून एवढा अर्थ काढणे इतिहासकाराला शोभत नाही, म्हणून तो मोह आवरतो.

यानंतर आम्ही तीन हजार वर्षे ओलांडतो. हे ऐकून कोणी दचकेल; पण दख्खनच्या या भागात मधल्या दीर्घ काळात चाकाला फारसा मानच नव्हता. व्यापाराचे ओझे वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. तांडे निघत ते हजारो बैलांचे. मीठ, धान्य, कापूस सारे गोणीत. रस्ताच नाही तेथे चाक घेऊन करायचे काय? बोरघाटातून मुंबईकडे जाणारा गाडीरस्ता १८३० मध्ये, सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, खुला झाला. त्यानंतरच देशावरच्या गाडीला लांब जाण्यासारखे ठिकाण मिळाले.

आणि गाडी तरी कशी होती? १८८५ मध्ये छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात जुन्या गाड्यांची हकीकत आहे. गेल्याच्या मागच्या शतकाच्या पूर्वार्धात या भागात ज्या थोड्या गाड्या होत्या त्या अवजड, दगडी भरीव चाकांच्या. त्या ओढायला बैलांची रांगच लागे. १८३६ च्या सुमारास गेझफर्ड नावाच्या एका लेफ्टनंटाने, तो जमीनमोजणीच्या कामावर होता, हलकी व टिकाऊ अशी नव्या घडणीची गाडी तयार करवली आणि सोलापूरकडे टेंभुर्णीला तिचा कारखाना घातला. त्या गाडीचा नमुना पाहून गावोगावचे सुतार तशाच गाड्या करू लागले. ज्या गाडीला आपण अस्सल मराठमोळी म्हणून कॅलेंडरवर छापतो, तिच्या घडणीत एका इंग्रज लष्करी माणसाचा एवढा वाटा आहे, हे ऐकून कोणाला वाईट वाटू नये. नमुना त्याचा असेल. बाभूळ आमची, सुतार आमचा, आणि चाक सत्तर-ऐंशी वर्षे चालवून दाखवले ते आमच्या बैलांनी.

पुढे लोहमार्ग आले. बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये. रेल्वेमुळे गाडीवाल्याचा धंदा बुडेल असे वाटावे, झाले उलट. लोहमार्गाच्या बांधकामाला माती-दगड वाहायला गाड्या लागल्या, मार्ग झाल्यावर स्टेशनापर्यंत माल न्यायला लागल्या. कुणब्याला शेतीबाहेर रोख पैसा देणारी पहिली मोठी वस्तू म्हणजे भाड्याची गाडी. ती घ्यायला सावकाराकडे जावे लागे हेही खरे. १८७५ च्या उठावात सुप्यापासून शिरूर तालुक्यापर्यंत कुणब्यांनी सावकारांची खाती जाळली. त्या खात्यांत बैलांच्या व गाड्यांच्या नावावर घेतलेले कर्ज असणारच.

आता मुख्य विषयाकडे येतो. गावचा सुतार बलुतेदारांच्या थोरल्या ओळीतला. नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती तो वर्षाच्या बलुत्यात करी. पण नवी गाडी किंवा नवी चाके यांचा पैसा वेगळा. म्हणून चाक घेणे हा घरचा मोठा निर्णय असे. आम्ही लहानपणी वडिलांबरोबर सुताराच्या दारातल्या लिंबाखाली पुष्कळ वेळ बसलो आहोत. वडील आधी लाकूड पाहात. बाभळीचेच हवे, आणि तेही तोडून दोन-तीन पावसाळे पाहिलेले. ओल्या लाकडाचे चाक देखणे दिसते, स्वस्त पडते, आणि पहिल्या चैत्रात खुळखुळ वाजू लागते. मग तुंबा. मधला हा गोळा एका अंगाचा, गाठ नसलेला, फट नसलेला असला पाहिजे, कारण सगळे आरे त्याच्यात रुतायचे असतात. वडील तुंब्यावर बोटाच्या पेराने टकटक करीत आणि कान लावीत. आम्हांला त्या आवाजात काहीच कळत नसे, त्यांना कळे. मग आरे, आणि त्यांच्या टोकांना जोडलेले पुठ्ठे, दर पुठ्ठ्याला दोन आरे. सुताराचे वाकस आणि किकरे पाहिले की ही हत्यारे एवढे नेमके माप कसे देतात याचे आश्चर्य वाटे. त्याच्याकडे माप होते ते एका काठीवरच्या खुणांचे आणि एका सुतळीचे.

त्यानंतर लोहार. चाकावर लोखंडी धाव चढवण्याचा दिवस म्हणजे आम्हां मुलांचा सणच. धाव चाकाच्या घेरापेक्षा जराशी आखूड केलेली असे. जमिनीवर ती आडवी ठेवून तिच्याभोवती गोवऱ्यांचे आळे रचीत. लोखंड तांबडे झाले की चार माणसे सांडशांनी ती उचलीत, चाकावर बसवीत, घणाचे ठोके देत. लाकूड पेटू लागे, आणि त्याच क्षणी घागरीतले पाणी ओतले जाई. वाफेचा एक ढग उठे, आणि त्या ढगातून सांधे करकचून आवळल्याचा आवाज येई. तापलेले लोखंड फुगते, निवताना आकसते, आणि आकसताना आरे-पुठ्ठे-तुंबा यांना एकजीव करते. हा पदार्थविज्ञानाचा धडा आम्ही पुढे शाळेत पुस्तकातून शिकलो. पण त्या वेळी गुरुजींपेक्षा लोहाराने तो अधिक नीट शिकवला होता असे लक्षात आले. धाव फार आखूड केली तर आरे वाकतात, सैल राहिली तर वाटेत निसटते. तो अंदाज लोहाराचा. आणि चाक घेणारा खरे पैसे देतो ते या अंदाजाला. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली झाली की गाडी नदीत नेऊन चाके रात्रभर पाण्यात ठेवीत. नदीला पाणी असे तेव्हाची ही गोष्ट.

आणखी एक गोष्ट वडील न चुकता मोजीत. दोन चाकांमधले अंतर. गावोगावच्या गाडीवाटांना चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या असत. आज आपण 'चाकोरीतले आयुष्य' असे नाक मुरडून म्हणतो. त्या काळी चाकोरीत चाक नेमके बसणे ही बैलांवर मोठी दया होती. आपल्या गाडीचा आस चार बोटे लांब किंवा आखूड असला तर एक चाक चाकोरीत आणि दुसरे वरंब्यावर, गाडी कलंडलेली, आणि जू एकाच बैलाच्या मानेवर.

हे सर्व ठाऊक असूनही आमच्या वडिलांनी चूक केलीच. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागात पाझर तलावांची व रस्त्यांची कामे निघाली. त्या कामांवर रबरी टायरच्या गाड्या दिसू लागल्या. लोक त्यांना डनलॉप गाडी म्हणत. हवेचे टायर १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने सायकलसाठी पहिल्यांदा व्यवहारात आणले. त्याच्या नावाच्या कंपनीचा हुगळीकाठच्या साहागंजचा कारखाना १९३६ चा. बैलगाडीसाठी वेगळे टायर निघत, १९ इंची रिमचे. हे चाक मऊ मातीत रुतत नाही, खड्ड्यात आपटत नाही, त्याचा तुंबा बेअरिंगवर फिरतो, वंगणाचा नळा गाडीखाली टांगावा लागत नाही. 'गाड्याबरोबर नळ्याला यात्रा' ही म्हण ज्या नळ्यावरून आली तो नळाच टायरगाडीने काढून टाकला. आमच्या वडिलांना ती चाके मनापासून आवडली. दोन वर्षांनी कांद्याच्या पट्टीतले पैसे घेऊन ते एका जुन्या सामानाच्या बाजारात गेले आणि मोडीत निघालेल्या एका ट्रकचा आस, चाकांसकट, घेऊन आले. विकणाऱ्याने सांगितले, "कोणत्याही गाडीला बसतो."

बसला, यात शंका नाही. लोखंडी आस होता, पट्ट्या ठोकून साठ्याखाली बसवला. पण तो आमच्या चाकोरीपेक्षा रुंद होता. डावे चाक चाकोरीत, उजवे वरंब्यावर, हे जे वडील दुसऱ्यांच्या गाडीत दाखवून हसत तेच त्यांच्या दारी आले. एका हंगामात सोन्या नावाच्या आमच्या उजव्या बैलाच्या मानेला आवाळू आले. त्यात पुन्हा ज्या बाभळीने शंभर वर्षे आम्हांला चाक दिले तिच्याच काट्यांनी टायरमधली हवा काढायला सुरुवात केली. पंक्चर काढणारा शिरूरला. ट्यूब खांद्यावर टाकून वडील एस. टी. ने शिरूरला जात, ते दृश्य आम्हांला अजून दिसते. शेवटी आस कापून आखूड करून घेतला. त्याला मूळ किमतीच्या जवळजवळ निम्मा खर्च आला. सोन्याची मान बरी झाली, पण तो पुढे उजव्या बाजूला कधी जुंपून घेईना.

टायरचा दोष होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दोष मापाचा होता. आणि टायरचा खरा तोटा, आमच्या मते, निराळाच आहे, आणि तो माणसाच्या लोभातून उत्पन्न झाला. चाक सहज फिरते म्हणून बैलाला आराम मिळायला हवा होता. तो मिळाला नाही, कारण मालकाने ओझे वाढवले. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, कारखान्यांच्या दारात टायरगाड्यांची रांग लागली. उतारावर लोखंडी धावेची गाडी घासत हळू उतरते. टायरची गाडी बैलांच्या अंगावर धावून येते, आणि बहुतेक गाड्यांना ब्रेक नसतो. १९६५ चे केंद्र सरकारचे ओढकाम करणाऱ्या जनावरांविषयीचे नियम वाचण्यासारखे आहेत. त्यांत मोठ्या बैलाच्या दोनचाकी गाडीला साध्या चाकावर ९०० किलो, हवेच्या टायरवर १३५० किलो आणि बेअरिंगवर १८०० किलो अशी मर्यादा घातलेली आहे. चाकाचा प्रकार कायद्यात अशा रीतीने नोंदला गेला, हे आम्हांला मोठे उद्बोधक वाटते. बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेच्या एन. एस. रामस्वामी यांनी पुढे बैलगाडीच्या सुधारणेसाठी पुष्कळ खटपट केली; जू, ब्रेक, चाक सारे बदलावे म्हणून ते सांगत राहिले. पण गाडीच हळूहळू रस्त्यावरून नाहीशी होऊ लागली, तेव्हा सुधारायचे कोणाला?

गाडी गेली, गाडा राहिला. हा भेद शहरच्या मंडळींना सांगावा लागतो. आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात गाडी म्हणजे कामाची आणि गाडा म्हणजे शर्यतीचा. घाट म्हणजे येथे डोंगरातली वाट नव्हे. चढाची, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती उभ्या असलेली धावपट्टी. चार बैल, पुढे घोडीस्वार, मागे हलका गाडा, आणि गाड्यावर कोणीच नाही. सातारा-सांगलीकडे छकड्यावर हाकणारा असतो. आमच्याकडे बैल सोडले की ते आणि त्यांचे नशीब. एक बारी संपते ती दहा-पंधरा सेकंदांत. 'भिर्रर्र' अशी आरोळी उठते न उठते तोच निशाण पडते.

आता अशा गाड्याला चाक कसले घ्यावे? ओझे नाही, लांबचा प्रवास नाही, चिखल नाही. आहे तो चढ आणि आहेत ते मोजके सेकंद. आमचे शेजारी गाडामालक, शिक्षण सातवीपर्यंतचे, आम्हांला म्हणाले, "गुरुजी, साठ्यावर शेर वाढला तर चालतो, धावेला वाढला तर चालत नाही." आम्ही हे एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापक मित्राला सांगितले. तो म्हणाला, हे गणिताने बरोबर आहे. उभ्या गाड्याला वेग द्यायचा तर चाकाच्या कडेवरचे वजन दोनदा ओढावे लागते: एकदा पुढे न्यायला आणि एकदा गरगर फिरवायला. धावेवरचा एक किलो हा साठ्यावरच्या दोन किलोंबरोबर. मग धाव पातळ करावी तर ती वाकते, आणि वाकलेले चाक बैलांच्या टाचांवर येते. पुठ्ठे कोरून हलके करावे तर एखाद्या दगडावर चाक फुटते, आणि फुटलेले चाक मागून येते ते मोकळ्या गाड्यासह, दोन्ही बाजूंच्या माणसांच्या भिंतीत. घाटात उभे राहिलेल्या कोणालाही यात धोका किती हे सांगायला नको. म्हणून चांगला गाडामालक सर्वांत हलके चाक घेत नाही. तो सर्वांत गोल चाक घेतो. आसावर चढवून फिरवायचे, कडेजवळ एक काडी धरायची, आणि काडी कोठे लागते कोठे सुटते ते पाहायचे. आमच्या शेजाऱ्यांनी त्या दिवशी तीन चाके परत केली, चौथे आणि पाचवे घेतले.

या गाड्यांचीही एक दहा वर्षांची काळरात्र होऊन गेली. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून खेळासाठी प्रदर्शित करू नयेत अशा प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलांच्या शर्यती यांवर बंदी कायम केली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, तरी उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे घाट बंदच राहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. बंदी मागणारे सगळे गावाचे वैरी होते असे आम्ही मानत नाही. शेपट्या पिरगाळणे, टोचणे, हे प्रकार घाटात होत होते. आम्ही ते पाहिले आहेत, आणि तेव्हा गप्प राहिलो याची आम्हांला लाज वाटते. परंतु त्या दहा वर्षांत आणखी एक गोष्ट घडली, जिची नोंद कोणत्याही निकालपत्रात नाही. गाड्याची चाके करणारे जे थोडे सुतार उरले होते त्यांतल्या कित्येकांनी वाकस खाली ठेवला. आमच्या गावच्या सुताराचा मुलगा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. घाट पुन्हा सुरू झाले तेव्हा बैल होते, मालक होते, घोड्या होत्या. चाक मात्र शोधत तालुकाभर फिरावे लागले.

रांजणगावचे नाव आले म्हणून पुतण्याच्या मोटारीकडे वळतो. महागणपतीच्या त्या गावाजवळ फियाट कंपनीचा कारखाना आहे. तेथे २००९ पासून पुंटो नावाची लहान मोटार तयार होऊ लागली, आणि २०१५ मध्ये तिचा अबार्थ नावाचा चपळ अवतार निघाला: १४५ अश्वशक्ती, १६ इंची मिश्रधातूची चाके. ज्या तालुक्याच्या मातीत रांजणावर रेघोट्यांची बैलगाडी सापडली त्याच तालुक्यात हे घडावे, याची आम्हांला मौज वाटते. पुढे फियाटने आपल्या नावाच्या मोटारी भारतात विकणे थांबवले, पण तो भाग वेगळा. पुतण्याने घेतली ती मात्र याच कंपनीची २००१ मध्ये भारतात आलेली पॅलिओ, मोठ्या इंजिनाची. घेणारा तिसरा की चौथा मालक. तिला त्याने कोठल्याशा दुकानातून जुनीच पण सुरेख अशी मिश्रधातूची चार चाके आणली. दुकानदाराने सांगितले, "सगळ्या छोट्या गाड्यांना बसतात."

हे वाक्य आम्ही पन्नास वर्षांपूर्वी ऐकले होते.

चाके बसली. साठाच्या वेगापर्यंत काही कळले नाही. ऐंशीला सुकाणू थरथरू लागले. पुतण्याने चाके तोलून आणली, टायर बदलले; थरथर तशीच. शेवटी चाकणच्या एका जुन्या मिस्तरीने स्केल लावून दाखवले. चाक ज्या चार बोल्टांनी बसते त्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास पुष्कळ लहान मोटारींत १०० मिलिमीटर असतो. जुन्या फियाटांत तो ९८. फरक दोन मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा. बोल्ट तिरके होऊन आत शिरतात, आवळल्यासारखे वाटतात, पण निमुळत्या बैठकीत पुरते टेकत नाहीत. मग ते हळूहळू सैल होतात. मिस्तरी म्हणाला, "पोरा, हे चाक हायवेवर निघून गेलं असतं." पुतण्या त्या रात्री जेवला नाही.

त्यानंतर त्याने जी माहिती गोळा केली ती ऐकून आम्हांला वडिलांची सुतळी आठवली. बोल्टांचे वर्तुळ जुळले तरी तुंब्याच्या तोंडाचे माप जुळले पाहिजे. चाकाचे भोक मोठे असेल तर मध्ये बरोबर मापाचे कडे घालावे, म्हणजे चाक बोल्टांवर लटकत नाही, तुंब्यावर बसते. मग रिमची बैठक किती आत किंवा बाहेर आहे ते. चाक फार बाहेर आले तर टायर मडगार्डला घासते आणि बेअरिंगवर वाकडा भार येतो. हा तर थेट आमच्या आसाचा आणि चाकोरीचा प्रश्न! मग घेर. १४ इंची रिमवर १७५/७० चा टायर असेल तर चाकाची एकूण उंची सुमारे ६०१ मिलिमीटर. १५ इंची रिमवर १९५/५५ घेतला तर सुमारे ५९६. म्हणजे रिम मोठी दिसते, चाक तेवढेच राहते, वेगाचा काटा खोटे बोलत नाही. पण रबराची भिंत १२२ वरून १०७ मिलिमीटरवर येते, आणि आमच्या गावच्या रस्त्यावर ते पंधरा मिलिमीटर म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामधली उशी. रिम जेवढी मोठी तेवढी ती बहुधा जडही. आणि कडेवरचे वजन दोनदा ओढावे लागते, हे गाडामालकाने सांगितलेच आहे. स्वस्त ओतीव रिम खड्ड्यात तडकते, पोलादी वाकते. वाकलेली ठोकून सरळ होते, तडकलेली टाकावी लागते. भारतीय मानकाचे चिन्ह आणि सोसणाऱ्या भाराचा आकडा रिमवर ओतलेला असतो, तो आधी वाचावा आणि रंग मागाहून पाहावा.

पुतण्याला आम्ही विचारले, "मग आता घेणार कोणती?" तो म्हणाला, "चौदा इंचीच घेतो, तात्या. हलकी, नवी, अठ्ठ्याण्णवची." मित्रांत त्याची थट्टा झाली, त्यांच्या गाड्यांना सोळा इंची, काळ्या रंगाची चाके आहेत. चौदाची चाके मडगार्डाच्या कमानीत जरा पोरकी दिसतात, हे त्यालाही मान्य आहे. बसवायच्या आधी त्याने प्रत्येक चाक उचलून धरले, तोलले, आणि मग, आम्ही सांगितले नसता, बोटाच्या पेराने मध्यभागी टकटक केली. आम्ही विचारले, "काय ऐकू आलं?" तो हसला आणि म्हणाला, "काही नाही."

वडिलांची लाकडी चाके आम्ही १९९८ पर्यंत गोठ्याला टेकवून ठेवली होती. मग गोठा पाडून खोली बांधली, आणि पुणे-नगर रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने ती नेली. एकदा तेथे चहाला थांबलो तेव्हा ती दारावर टांगलेली पाहिली, एकावर तांबडा, एकावर पिवळा तेलरंग दिलेला, आऱ्यांना दिव्यांच्या माळा. तांबड्या चाकाचा एक पुठ्ठा आमच्या वडिलांच्या हयातीत बदललेला होता, त्याचे लाकूड जरा गडद. रंगाखालूनही तो ओळखू आला. तुंब्यात फट नव्हती.